शाळेत छायाचित्रण शिकताना: गोव्यातील विद्यार्थी आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या छायाचित्रण मंडळात नाव घालण्यापूर्वी विद्यार्थी आणि त्यांचे पालक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती प्रामुख्याने आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना समोर ठेवून लिहिलेली असली, तरी घरात पडून असलेला जुना कॅमेरा हाताळू पाहणाऱ्या मोठ्या माणसांनाही ती उपयोगी पडतील.

प्रश्न: छायाचित्रण शिकायला कोणत्या इयत्तेपासून सुरुवात करावी?

आठवी ही सोयीची वेळ आहे. अपूर्णांक आणि गुणोत्तर तोपर्यंत पक्के झालेले असतात, दहावीचे दडपण अजून दूर असते आणि एखादी गोष्ट सांभाळून वापरण्याची समजही आलेली असते. त्याआधीच्या मुलांना सूचिछिद्र कॅमेऱ्याचा खोका करायला द्यावा. तेवढे त्यांना पुरते.

प्रश्न: त्यासाठी महागडा कॅमेरा विकत घ्यावा लागेल का?

नाही, आणि पहिल्या वर्षी तर घेऊच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. घरातल्या मोबाइलवर चौकट ठरवणे, उजेड ओळखणे, योग्य क्षणाची वाट पाहणे आणि काढलेल्या चित्रांतून निवड करणे या चारही गोष्टी शिकता येतात, आणि छायाचित्रणातला मोठा भाग याच चार गोष्टींचा आहे. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचे चित्र साधारण ४००० गुणिले ३००० बिंदूंचे असते. दर इंचाला ३०० बिंदू धरले तरी त्यातून सुमारे १३ गुणिले १० इंचांची स्वच्छ प्रत निघते. शाळेच्या प्रदर्शनाला याहून मोठी प्रत क्वचितच लागते. मात्र ते चित्र व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखे पाठवले, तर ते दाबले जाऊन त्यातले बरेच बिंदू वाटेतच गळतात. म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

मोबाइलची खरी मर्यादा वेगळी आहे. बहुतेक मोबाइलमध्ये ॲपर्चर, म्हणजे भिंगामागचे छिद्र, लहानमोठे करता येत नाही, आणि ‘पोर्ट्रेट’मधली धूसर पार्श्वभूमी भिंगाने केलेली नसून गणिताने रंगवलेली असते. त्यामुळे केसांच्या कडा किंवा चष्म्याची काडी तिथे अनेकदा खाल्ली जाते. ही बाजू शिकण्यासाठी मॅन्युअल सोय असलेला एखादा वापरलेला डीएसएलआर कॅमेरा आणि ५० मिलिमीटर, एफ/१.८ क्षमतेची साधी लेन्स शाळेने मिळून घ्यावी. ही लेन्स जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या स्वस्त लेन्समध्ये मोडते आणि तिला झूम नसल्यामुळे विद्यार्थ्याला पायांनी पुढेमागे व्हावे लागते, हा तिचा आणखी एक फायदा. दुकानदार जिची सर्वांत जास्त शिफारस करतात, ती लांब पल्ल्याची झूम लेन्स मात्र नवशिक्याच्या फारशी कामाची नसते.

प्रश्न: आमच्या शाळेत मोबाइल आणायला मनाई आहे. मग शाळेत सराव कसा करायचा?

मनाई योग्यच आहे आणि ती मोडण्याची गरज नाही. शाळेत मोबाइलशिवाय करण्यासारखा सर्वांत चांगला प्रयोग म्हणजे अख्ख्या वर्गाचाच कॅमेरा करणे. ज्या खोलीच्या खिडक्या उन्हातल्या अंगणाकडे उघडतात ती निवडावी, सर्व काचा आणि फटी काळ्या कागदाने बंद कराव्यात आणि एकाच ठिकाणी सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचे गोल भोक ठेवावे. भोकापासून दोनतीन मीटरवर पांढरी चादर ताणून धरायची. डोळे काळोखाला सरावायला पाच मिनिटे लागतात. मग चादरीवर अंगणातला माड खाली डोके वर पाय असा दिसू लागतो, त्याची झावळे वाऱ्याने हलतात, आणि कोणी सायकलवरून गेला तर तो उलटा होऊन विरुद्ध दिशेने जाताना दिसतो. भोक आणखी लहान केले की चित्र रेखीव पण मंद होते, मोठे केले की उजळ पण पसरट होते. ॲपर्चरचा हा धडा एकदा अशा प्रकारे पाहिलेला विद्यार्थी सहसा विसरत नाही.

प्रश्न: ॲपर्चर, शटर आणि आयएसओ यांचा नेमका संबंध काय?

कॅमेऱ्यात किती उजेड शिरला, हे छिद्राच्या आकारावर आणि ते शटरने किती वेळ उघडे ठेवले यावर ठरते. आलेल्या उजेडाचे संकेत कॅमेऱ्याने किती वाढवायचे, ते आयएसओ ठरवतो. ॲपर्चरचे आकडे १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे असतात आणि मुलांना ते विचित्र वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याला २ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.४ ने गुणून आलेला आहे. छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे या रांगेत एक पायरी पुढे गेले की उजेड निम्मा होतो. आकडा मोठा तर छिद्र लहान, ही उलटी चाल एवढी मात्र पाठ करावीच लागते.

लख्ख उन्हासाठी एक जुना नियम आजही खरा ठरतो: ॲपर्चर एफ/१६ ठेवले, तर शटरचा वेग आयएसओच्या आकड्याइतका, म्हणजे आयएसओ १०० असताना सेकंदाचा शंभरावा भाग ठेवावा. आता समजा, रायबंदर आणि चोडण यांच्यामध्ये ये-जा करणारी फेरीबोट धक्क्याला लागत आहे आणि मोटारसायकली धडाधड खाली उतरत आहेत. त्यांची हालचाल गोठवण्यासाठी शंभरावा भाग अपुरा आहे. छिद्र एफ/१६ वरून एफ/८ केले, की उजेड दोन पायऱ्यांनी, म्हणजे चौपट वाढतो. तेव्हा वेग चारशेवा भाग करता येतो आणि चित्राचा उजळपणा होता तसाच राहतो. एफ/५.६ ला आठशेवा भाग. याउलट, उतरणारी माणसे पुसट वाहती दिसावीत आणि बोट तेवढी स्थिर दिसावी असे वाटत असेल, तर संध्याकाळ होण्याची वाट पाहावी, कॅमेरा भक्कम जागी टेकवावा आणि अर्धा सेकंद द्यावा. एक्सपोजर, म्हणजे चित्राला मिळालेला एकूण उजेड, दोन्ही चित्रांत बरोबरच असेल. कोणते हवे हा निर्णय कॅमेऱ्याचा नाही, आणि परीक्षेत गुण मिळवण्यासारखे एकच बरोबर उत्तर इथे नसते, हे हुशार मुलांना पचायला थोडा वेळ लागतो.

आयएसओ वाढवला की चित्रात दाणे दिसू लागतात. त्याची फार भीती बाळगू नये. दाणेदार चित्र चालते, हललेले चित्र बहुधा चालत नाही.

प्रश्न: पांढऱ्या भिंती आणि मिठागरे फोटोत मळकट का येतात?

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून चालतो. पणजीच्या चर्चचा चुन्याने रंगवलेला दर्शनी भाग किंवा उन्हात वाळत असलेले मीठ चौकटभर असले, की तो त्यालाही करडा समजतो आणि उजेड कमी करतो. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मापकाच्या हिशोबात हाताने केलेली दुरुस्ती, एक पायरी अधिक करावे. शेतात बसलेली काळी म्हैस चौकट भरून घेताना नेमके उलटे, म्हणजे एक पायरी उणे करावे. मोबाइलवर पडद्याला बोट लावून वरखाली सरकवल्यावर जी सूर्याची खूण हलते, तिचे काम हेच आहे.

प्रश्न: गोव्यात फोटो काढायला चांगला प्रकाश केव्हा असतो?

पणजी सुमारे साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या उन्हात माणसांच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो आणि चेहरे निबर दिसतात. शिवाय आपल्याकडे सूर्य क्षितिजाकडे तिरका न जाता बराचसा उभा उतरतो, म्हणून सकाळ-संध्याकाळचा सोनेरी उजेड थंड देशांतल्यापेक्षा लवकर आटोपतो. सूर्य बुडायच्या आधी अर्धा तास जागेवर पोहोचलेले असावे.

सगळे विद्यार्थी मावळतीच्या मागे लागतात, पण पावसाळ्यातला ढगाळ उजेड शिकण्यासाठी अधिक चांगला आहे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. ढगांमुळे सावल्यांच्या कडा मऊ होतात, ओला जांभा गडद तांबडा दिसतो आणि चेहऱ्यावरचे बारकावे टिकतात. जुन्या घराचा बाल्कांव, म्हणजे दारापुढची छपराची ओसरी, अशा दिवशी आयता स्टुडिओ होतो: माणसाला छपराखाली, उजेडाकडे तोंड करून बसवावे आणि छायाचित्रकाराने पायऱ्यांवर उभे राहावे.

प्रश्न: चवथीला (गणेश चतुर्थीला) घरात काढलेले फोटो पिवळे किंवा हिरवट का येतात?

कारण तिथे दोनतीन प्रकारचे उजेड एकमेकांत मिसळलेले असतात. उजेड किती पिवळा किंवा निळा आहे ते रंगतापमान सांगते: समईच्या ज्योतीचे ते २००० केल्विनच्या आसपास, पिवळ्या बल्बचे २७००, दिवसाच्या उन्हाचे ५५०० आणि पांढऱ्या ट्यूबलाइटचे बहुधा ६५०० असते. आपला मेंदू हे फरक सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला मात्र व्हाइट बॅलन्सचा एकच आकडा धरून चालावे लागते. मूर्तीचा चेहरा समईने तांबूस, वर टांगलेली फळा-पानांची माटोळी ट्यूबलाइटने निळसर आणि बाजूच्या रोषणाईची माळ दर सेकंदाला रंग बदलणारी, अशा स्थितीत कोणताही आकडा निवडला तरी काहीतरी बिनसणारच.

उपाय सोपा आहे, पण त्याला घरच्यांची संमती लागते: दोन मिनिटांसाठी ट्यूबलाइट आणि माळ बंद करावी आणि दार किंवा खिडकी उघडून एका बाजूने येणाऱ्या दिवसाच्या उजेडात फोटो काढावा. समई मागे तेवत राहू द्यावी. ती थोडी पिवळी दिसली तर बिघडत नाही, उलट ती पेटलेली आहे हे त्यावरूनच कळते. माटोळीची फळे एका बाजूच्या उजेडात पाहिली की त्यांचा गोलवा उठून दिसतो. सुपारीचा घोस, नारळ, तोरिंग, रानातून आणलेली लहान फळे, प्रत्येकाच्या पाठीवरून उजेड वेगळा घसरतो. फ्लॅश मारला, तर हे सगळे सपाट होऊन एका चित्रासारखे भिंतीला चिकटते. माटोळीतल्या वस्तूंची नावे आजी-आजोबांना विचारून त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवावीत, कारण वर्षभराने फोटो असतो आणि नाव कोणालाच आठवत नाही.

प्रश्न: नेमके कशाचे फोटो काढावेत?

समुद्रकिनारा, माडांची रांग आणि मावळता सूर्य यांचे फोटो काढायला पर्यटक आहेत, आणि ते रोज हजारोंनी काढतात. त्यात भर घालण्यास मनाई नाही, परंतु त्यातून शिकायला फार थोडे मिळते, कारण चित्र आधीच डोक्यात तयार असते आणि कॅमेरा फक्त त्याची नक्कल करतो. गोव्यात वाढलेल्या मुलाला जे पाहायला मिळते ते पर्यटकाला चार दिवसांत मिळत नाही, म्हणून आम्ही मंडळातल्या प्रत्येकाला आपल्या घरापासून चालत जाता येईल अशी एकच जागा वर्षभरासाठी निवडायला सांगतो.

खाजनातली, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीतली, मानस हे अशा जागेचे चांगले उदाहरण आहे. भरतीचे खारे पाणी आत येऊ नये आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर पडावे यासाठी बांधात बसवलेली ही लाकडी दारे. तिथला देखावा भरती-ओहोटीच्या वेळेप्रमाणे बदलतो, पावसात एक आणि मार्चमध्ये दुसरा असतो, माणसे जाळी घेऊन येतात, बगळे येतात. पहिल्या दिवशी विद्यार्थी सर्व काही एकाच चौकटीत कोंबतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याचे लक्ष दाराच्या ओल्या फळीवरच्या पाण्याच्या खुणेकडे जाते आणि तिथून खरी सुरुवात होते. ज्यांच्या जवळ खाजन नाही, त्यांनी पोदेराची (पाववाल्याची) पहाटेची भट्टी, गावचा तिठा, डिचोलीतले कुंभारकाम, पेडण्यात दशावताराआधीची रंगभूषा यांतले काहीही निवडावे. शहरातल्या मुलाला इमारतीचा जिनासुद्धा पुरतो.

वर्षअखेरीस काढलेल्या सगळ्या चित्रांतून दहाच निवडायची आणि प्रत्येकाखाली दोन वाक्यांची ओळ लिहायची: कोण, कुठे, काय करत आहे. ही ओळ लिहिताना ‘सुंदर’, ‘मनमोहक’ असे शब्द वापरू दिले जात नाहीत. निवड हा सर्वांत नावडता आणि सर्वांत जास्त शिकवणारा भाग आहे.

प्रश्न: अनोळखी माणसांचे फोटो काढताना परवानगी घ्यावी का?

घ्यावी. गर्दीचे, शिगम्याच्या रोमटामेळाचे किंवा कार्निव्हलच्या मिरवणुकीचे दृश्य टिपताना प्रत्येकाला विचारणे शक्य नसते आणि तिथे ते अपेक्षितही नसते, पण एखादा चेहरा चौकटीचा मुख्य विषय होत असेल तर विचारावे. कोणी ‘नको’ म्हणाले तर वाद न घालता कॅमेरा खाली करावा. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या पर्यटन खात्याने पर्यटकांना अशीच सूचना दिली होती की, अनोळखी व्यक्तींचे, विशेषतः ऊन घेत असलेल्या किंवा पोहत असलेल्या लोकांचे फोटो त्यांच्या संमतीशिवाय काढू नयेत. पर्यटकांना जे लागू, ते आपल्यालाही लागू. पणजीच्या फोंताइन्हास भागातले रहिवासी दारात उभे राहून फोटो काढणाऱ्यांना किती विटले आहेत, हे तिथल्या घरांवरच्या पाट्या वाचल्या की समजते; ती घरे राहती आहेत.

देवळात, विशेषतः गर्भगृहात, आणि चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना तिथली पाटी आणि तिथल्या माणसांचा शब्द अंतिम मानावा. जुन्या गोव्यातील पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंमध्ये कॅमेऱ्याची तिपाई (ट्रायपॉड) लावायची असल्यास आधी परवानगी काढावी लागते. दाबोळी विमानतळ नौदलाच्या तळाचा भाग असल्यामुळे त्याच्या आसपास कॅमेरा बाहेर काढू नये. ड्रोनचा विचार शाळकरी वयात सोडून द्यावा. २०२१ च्या नियमांप्रमाणे रिमोट पायलट प्रमाणपत्रासाठी वयाची किमान १८ वर्षे पूर्ण असावी लागतात.

सहाध्यायांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी त्यांच्या पालकांना विचारावे आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातली लोकेशनची नोंद बंद ठेवावी. चालू असल्यास, घर कुठे आहे हे मूळ फाइलमधूनच वाचता येते.

प्रश्न: पावसाळ्यात कॅमेरा आणि लेन्स कशी जपावी?

गोव्याची दमट हवा लेन्सच्या आत बुरशी वाढवते, आणि ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरली की काढणे खर्चाचे असते. कॅमेरा कापडी पिशवीत किंवा कपाटात ठेवू नये. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि शक्य असल्यास आर्द्रता दाखवणारा छोटा मापक ठेवावा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला म्हणजे झाले. सिलिका जेलचे रंगीत दाणे ओल धरल्यावर रंग बदलतात, तेव्हा ते तापवून पुन्हा वापरता येतात. वातानुकूलित खोलीतून एकदम बाहेर आल्यावर काचेवर बाष्प धरते. ते पुसण्याऐवजी कॅमेरा पंधरा-वीस मिनिटे पिशवीतच राहू द्यावा. किनाऱ्यावरून परतल्यावर गोड्या पाण्यात किंचित भिजवलेल्या फडक्याने बाहेरचा खार पुसावा आणि रेतीच्या जागेवर लेन्स कधीही बदलू नये.

प्रश्न: डार्करूमचे काम आता शिकवतात का?

पूर्ण डार्करूम शाळेला परवडत नाही. तिच्याऐवजी सायनोटाइप ही पद्धत शिकवता येते. जॉन हर्शेल यांनी ती १८४२ मध्ये शोधली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी तिच्या साहाय्याने शेवाळाच्या प्रतिमांचे पुस्तक काढायला घेतले. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम दुसऱ्या १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून दोन्ही द्रावणे समप्रमाणात मिसळायची, मंद उजेडात जाड कागदावर ब्रशने लावायची आणि कागद काळोखात सुकवायचा. त्यावर नेचे, खारफुटीचे पान किंवा पारदर्शक प्लॅस्टिकवर छापलेली निगेटिव्ह ठेवून वर काच दाबावी आणि उन्हात ठेवावे. कडक उन्हात पाच ते पंधरा मिनिटे पुरतात. कागद हिरवट पिवळ्यावरून करड्या-काशाच्या रंगावर गेला की उचलावा. साध्या पाण्यात धुतल्यावर निळा रंग उमटतो आणि पुढच्या चोवीस तासांत तो अधिक गडद होतो. हातमोजे घालावेत, शिक्षक समोर असावेत आणि ही द्रावणे कोणत्याही तीव्र आम्लाशी मिसळू नयेत. पावसाळ्यात कागद वाळता वाळत नाही, म्हणून हा प्रयोग नोव्हेंबरनंतर ठेवावा.

प्रश्न: कोणाची छायाचित्रे पाहावीत?

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला, गर्दीच्या रस्त्यांना रंगीत फिल्मवर शिस्त लावणारे रघुबीर सिंग, रघु राय, आणि २०२२ चा हॅसलब्लाड पुरस्कार मिळवणाऱ्या दयानिता सिंग. शक्यतो छापील पाहावीत. पणजीत डिसेंबरमध्ये भरणाऱ्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात मोठ्या आकाराच्या प्रती जवळून पाहण्याची संधी असते. पिळर्ण येथील म्युझियम ऑफ गोवालाही एक फेरी मारावी.

प्रश्न: फोटोत फेरफार करणे म्हणजे फसवणूक आहे का?

उजेड, रंग आणि चौकट दुरुस्त करणे ही डार्करूमच्या काळापासूनची रीत आहे. चित्रात नसलेली वस्तू घालणे किंवा असलेली काढून टाकणे ही निराळी गोष्ट असून, वृत्तछायाचित्रणात ती मान्य नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या प्रतिमेबाबत तर गोंधळ नकोच. २०२३ मध्ये जर्मन कलाकार बोरिस एल्डाग्सेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधला आपला पुरस्कार, प्रतिमा अशी बनवलेली असल्याचे सांगून नाकारला होता. शाळेच्या स्पर्धेत मूळ फाइल मागितली जाते, त्यामुळे ती पुसू नये.

प्रश्न: यामुळे दहावीच्या अभ्यासाचे नुकसान होणार नाही ना?

आठवड्यातून दोन तासांनी होत नाही. भिंगाचे सूत्र आणि उलट्या प्रतिमेची आकृती काढताना या मुलांचा हात तर इतरांपेक्षा सरळ चालतो. तरीही डिसेंबरनंतर दहावी-बारावीच्या मुलांनी सुट्टी घ्यावी.

प्रश्न: बारावीनंतर यात पुढे शिक्षण घेता येते का?

पणजीतील आल्तिनो येथील गोवा कला महाविद्यालयात प्रवेश परीक्षा देऊन बारावीनंतर चार वर्षांची ललित कला पदवी घेता येते आणि उपयोजित कलेच्या शाखेत छायाचित्रणाचा संबंध येतो. केवळ छायाचित्रण शिकायचे असल्यास उटीची लाइट अँड लाइफ अकादमी आहे. पदवीनंतर राष्ट्रीय अभिकल्प संस्थेच्या (एनआयडी) गांधीनगर आवारात छायाचित्रणातला पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत चलच्चित्रणाचे (सिनेमॅटोग्राफीचे) शिक्षण मिळते. पालकांनी एवढे लक्षात घ्यावे की, या ठिकाणी प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्यापेक्षा एका विषयावरच्या दहा-पंधरा चांगल्या चित्रांचे वजन अधिक असते.

प्रश्न: एखाद्या वृत्तपत्राने किंवा हॉटेलने मुलाचा फोटो मागितला, तर काय करावे?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता असतो. तो अल्पवयीन असला किंवा कॅमेरा दुसऱ्याचा असला तरी त्यात फरक पडत नाही. मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि वेगळा करार केलेला नसेल, तर मात्र फोटो काढायला सांगणारा त्याचा प्रथम मालक ठरतो. वृत्तपत्राला फोटो देताना नाव छापण्याची अट घालावी. हॉटेल किंवा रिसॉर्ट ‘तुझे नाव होईल’ असे सांगून फुकट मागत असेल, तर पालकांनी स्वतः बोलावे: कुठे वापरणार, किती काळ वापरणार आणि किती पैसे देणार, हे लेखी घ्यावे आणि तोपर्यंत मोठ्या आकाराची मूळ फाइल पाठवू नये.